बोल्ट तुटला, त्यात एक्सट्रॅक्टरही तुटला: इंजिनच्या भागांतून दोन्ही कसे काढावेत

उसाचा गाळप हंगाम आटोपला की लातूर, धाराशिव आणि बीडकडचे ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी गॅरेजात येऊ लागतात आणि इंजिनाचे हेड उतरवताना दरवर्षी तेच दुखणे समोर येते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड (डोके नसलेला बोल्ट) किंवा थर्मोस्टॅट हाऊसिंगचा बोल्ट पान्ह्याखाली मुरगळून तुटतो, उरलेल्या तुकड्याला भोक पाडून त्यात एक्सट्रॅक्टर, म्हणजे तुकड्याला आतून पकडून फिरवणारी कडक पोलादी काडी, घातला जातो, आणि जोर देताच तोही आतल्या आत तुटतो. मग एकाच भोकात दोन वस्तू अडकून बसतात: एक गंजलेली पण कापता येण्याजोगी, आणि दुसरी साध्या ड्रिलला दाद न देणारी. बोल्ट तुटणे पुष्कळदा आपल्या हातात नसते, कारण त्याची झीज वर्षानुवर्षे आत होत आलेली असते. एक्सट्रॅक्टर तुटणे मात्र बहुतेक वेळा टाळता येते, आणि त्यासाठी एकच गोष्ट आधी पक्की समजून घ्यावी लागते: आट्यांत मोकळा असलेला तुकडा बाहेर काढण्यासाठी एक्सट्रॅक्टर आहे, आट्यांत जाम झालेला तुकडा सोडवण्यासाठी नाही.

बोल्ट का तुटला, हे आधी ठरवावे

तुटलेल्या जागेचा पृष्ठभाग वायर ब्रशने साफ करून उजेडात नीट पाहावा. पृष्ठभाग ताजा, करडा आणि पीळ पडल्यासारखा दिसत असेल, तर बोल्ट सोडवताना मुरगळून तुटला आहे, म्हणजेच खालचे आटे जाम आहेत. पृष्ठभागाचा काही भाग जुना, काळपट आणि गुळगुळीत असून त्यावर अर्धगोल रेषा दिसत असतील आणि उरलेला भाग खरखरीत असेल, तर बोल्ट थकव्याने, हळूहळू तडा वाढत जाऊन तुटला आहे. अशा वेळी खालचा तुकडा पुष्कळदा मोकळाच असतो आणि टोकदार पंचाने कडेला हलके ठोके देऊन उलट दिशेला फिरवला तरी सुटू लागतो. बोल्ट कसताना तुटला असेल, तर तो भोकाच्या तळाला टेकला होता का, हेही तपासावे, कारण मूळ बोल्टापेक्षा चार-पाच मिलिमीटर लांब बोल्ट हाताशी होता म्हणून लावला गेल्याचे अनेकदा आढळते.

मराठवाड्यात जाम होण्याचे प्रमाण जास्त दिसते, त्याला माझ्या मते पाणी हे मोठे कारण आहे. बेसॉल्टच्या खडकातून येणारे आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि कूलंट संपले की रेडिएटरमध्ये हेच पाणी ओतले जाते. ॲल्युमिनियमचे हाऊसिंग, पोलादी बोल्ट आणि त्यांच्यामध्ये क्षारयुक्त पाणी अशी जोडी जमली की विद्युत-रासायनिक गंज सुरू होतो. त्यात ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांच्या फटींत घट्ट भरून बसते. एक्झॉस्टच्या स्टडचे कारण वेगळे असते. तिथे उष्णता आणि थंडावा यांच्या सततच्या फेऱ्यांमुळे स्टडवर खपली धरते, आणि ही खपली मूळ लोखंडापेक्षा बरीच अधिक जागा व्यापत असल्यामुळे स्टड भोकात आवळला जातो.

एक्सट्रॅक्टर का तुटतो

एम ८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या, बोल्टाच्या आट्यांच्या मुळाशी व्यास सुमारे ६.६५ मिलिमीटर असतो. त्यात ४ मिलिमीटरचे भोक पाडून तेवढ्याच जाडीचा एक्सट्रॅक्टर घातला, तर पीळ सहन करण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे, दोन्हींचे पोलाद सारखे धरल्यास, एक्सट्रॅक्टरची ताकद बोल्टाच्या जेमतेम एक पंचमांश भरते. एक्सट्रॅक्टरचे पोलाद दुप्पट मजबूत मानले तरी हा आकडा निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही. ज्या जोराने अख्खा बोल्ट तुटला पण आटे सुटले नाहीत, तोच जोर या बारीक काडीने पेलावा अशी अपेक्षा आपण करत असतो, आणि ती पुरी होणे शक्य नसते.

दुसरे कारण एक्सट्रॅक्टरच्या आकारात आहे. नेहमीचा उलट्या आट्यांचा एक्सट्रॅक्टर निमुळता असतो, त्यामुळे तो जितका फिरतो तितका आत शिरतो आणि लाकडात ठोकलेल्या पाचरीप्रमाणे बोल्टाची भिंत बाहेर फाकवतो. भोक मोठे पाडून बोल्टाची भिंत पातळ केली की हा परिणाम आणखी वाढतो, आणि जो तुकडा सैल व्हायला हवा तोच भोकात अधिक आवळला जातो. सरळ खाचांचे, निमुळते नसलेले एक्सट्रॅक्टर या बाबतीत बरे असतात, पण व्यासाचे गणित त्यांनाही चुकत नाही. म्हणून टॅपच्या (आटे पाडणाऱ्या हत्याराच्या) हँडलवर दोन्ही हातांनी बेताचा जोर देऊनही तुकडा हलत नसेल, तर तिथेच थांबावे. हँडलला पाइप लावून लांबी वाढवू नये.

तुकडा वर आलेला किंवा पृष्ठभागाशी समपातळीत असेल तर

ड्रिल हाती घेण्यापूर्वी वेल्डिंगचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे, कारण नट वेल्ड केल्याने पकड मिळते, उष्णता मिळते आणि भोक वाकडे जाण्याचा प्रश्नच उरत नाही. स्टड वर आलेला असेल तर त्यावर एक माप मोठा, झिंकचा मुलामा नसलेला नट बसवून आतल्या बाजूने वेल्ड भरावे. मुलामा असलेला नट वापरायचाच झाल्यास तो आधी कानशीने घासून काढावा, कारण झिंकचा धूर अपायकारक असतो आणि वेल्डही सच्छिद्र होते. तुकडा समपातळीत किंवा किंचित खाली असेल तर आधी वायसर ठेवून त्याच्या भोकातून तुकड्यावर वेल्ड वर आणावे, मग त्या वायसरवर नट जोडावा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये ही पद्धत विशेष सोयीची ठरते, कारण पोलादाचे वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही. पण आर्क बोल्टाच्या मध्यावरच राहिली पाहिजे, नाहीतर भोकाची कड वितळते. बिडाच्या ब्लॉकमध्ये मात्र वेल्डचा थेंब कडेला चिकटू शकतो, म्हणून तिथे वायसर वगळू नये.

वेल्ड झाल्याबरोबर पान्हा लावण्याची घाई ही या कामातली सर्वात महागडी घाई आहे. तापलेला तुकडा प्रसरण पावू पाहतो, पण भोवतालचा थंड धातू त्याला पसरू देत नाही, त्यामुळे तो आतल्या आत दबतो आणि थंड झाल्यावर मूळ मापापेक्षा किंचित बारीक होतो. गंजाची पकड तुटते ती या आकुंचनाने. म्हणून नटाची लाली पूर्ण जाऊ द्यावी, तुकडा अजून गरम असताना कडेला मेणबत्तीचे मेण टेकवावे म्हणजे ते वितळून आट्यांत ओढले जाते, आणि मग नट आधी किंचित कसण्याच्या दिशेने, नंतर सोडण्याच्या दिशेने, असा अगदी थोडा थोडा हलवत राहावा. सुरुवातीला हालचाल डोळ्यांना दिसत नाही, फक्त पान्ह्याला जाणवते. नट वेल्डपासून निखळला तर तुकड्याचे नुकसान झालेले नसते. तो घासून पुन्हा लावावा, आणि प्रत्येक वेळच्या तापण्या-थंड होण्याने तुकडा आणखी मोकळा होतो.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची दोन्ही टर्मिनले काढावीत आणि वेल्डिंगच्या अर्थिंगची पकड त्याच भागावर, तुकड्याच्या शक्य तितक्या जवळ लावावी, म्हणजे करंट बेअरिंगांमधून जाणार नाही. भाग साफ करण्यासाठी ब्रेक क्लीनर वापरला असेल तर तो पूर्ण उडून जाईपर्यंत वेल्डिंग करू नये. क्लोरीनयुक्त क्लीनरची वाफ आर्कमध्ये सापडली तर फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो.

वेल्डिंगची सोय नसेल तर उष्णता आणि भिनणारे तेल यांवर भिस्त ठेवावी. ॲल्युमिनियम एक अंश तापमानवाढीला पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, म्हणून हेड हळूहळू सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले तर एम ८ च्या भोकात व्यासाला साधारण एक शतांश मिलिमीटर इतकी मोकळीक मिळते. हे माप किरकोळ वाटते, पण गंजाचा थर मोडायला ते पुरते. ऑक्सी-ॲसिटिलीनची ज्योत मात्र ॲल्युमिनियमवर रोखू नये, कारण हा धातू तापून लाल होत नाही आणि वितळण्यापूर्वी कसलीही सूचना देत नाही. तेल घालून एक रात्र मुरू द्यावे आणि अधूनमधून तुकड्यावर पंच ठेवून हातोडीचे छोटे, कोरडे ठोके द्यावेत. ठोक्यांनी गंजात केसासारख्या फटी पडतात आणि त्यांतूनच तेल खाली उतरते.

ड्रिल करण्याची वेळ आलीच तर

ड्रिलचे यश पहिल्या खुणेवर ठरते. तुटलेला पृष्ठभाग लहान ग्राइंडरने सपाट केल्याशिवाय सेंटर पंच मारू नये, कारण उतारावर मारलेली खूण नेहमी खाली सरकते. शक्य असेल तर लेथवर एक बुश (आरपार भोकाची छोटी नळी) करून घ्यावा, ज्याचा बाहेरचा व्यास मॅनिफोल्डच्या भोकात बसेल आणि ज्याच्या आतले भोक ३ मिलिमीटर असेल. मॅनिफोल्ड जागेवर लावून त्यातून हा बुश घातला की ड्रिल आपोआप मध्यावर राहतो. ८.८ ग्रेडच्या (ही बोल्टाच्या मजबुतीची श्रेणी) बोल्टासाठी ३ मिलिमीटरचा ड्रिल मिनिटाला साधारण १,३०० ते १,६०० फेऱ्यांनी, कापण्याचे तेल देत चालवावा. हँडड्रिलचे बटण पूर्ण दाबून धरले की वेग याच्या जवळपास दुप्पट होतो, ड्रिलची धार जळते आणि भोकाचा तळ घासून चकचकीत व कडक होतो.

उलट्या दिशेचे ड्रिल मिळत असतील तर तेच वापरावेत, कारण भोक पाडता पाडताच तुकडा सुटून ड्रिलबरोबर वर येण्याची शक्यता असते. तुकडा सुटला नाही तर एक्सट्रॅक्टर घालण्याऐवजी भोक टप्प्याटप्प्याने वाढवत टॅपच्या मापापर्यंत न्यावे: एम ६ साठी ५ मिलिमीटर, एम ८ साठी ६.८, एम १० साठी ८.५. भोक बरोबर मध्यावर असेल तर या मापाला बोल्टाचे फक्त आटे उरतात, आणि ते टोकदार सळईने आत दुमडून स्प्रिंगसारखे बाहेर ओढता येतात.

एक्सट्रॅक्टर आत तुटला असेल तर

सर्वप्रथम हे ध्यानात ठेवावे की उलट्या आट्यांचा एक्सट्रॅक्टर डावीकडे फिरवल्यावर पकडतो, म्हणून त्याला बोल्टामधून मोकळे करायचे असेल तर उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावे लागते. त्याचे टोक वर दिसत असेल तर बारीक ग्रिप प्लायरने या दिशेला प्रयत्न करावा. पुष्कळ जण सवयीने डावीकडे जोर लावतात आणि तो आणखी रुतवून ठेवतात.

टोक खाली असेल तर हातातल्या ड्रिलने त्यावर चालून जाऊ नये. साधा हाय स्पीड स्टीलचा ड्रिल कडक एक्सट्रॅक्टरला कापत नाही. तो बाजूच्या मऊ धातूकडे घसरतो आणि भोक वाकडे करून ठेवतो. कार्बाइडचा ड्रिल कापतो, पण तो अतिशय ठिसूळ असतो, त्यामुळे त्याला मिलिंग मशीनची ताठ पकड लागते. हँडड्रिलमध्ये तो तुटला की भोकात तिसरा तुकडा जमा होतो. कार्बाइडचा बर (फिरती छोटी कानस) आणि डाय ग्राइंडर यांनी हळूहळू खात जाता येते, मात्र बर सतत मध्यावर ठेवणे हे फार संयमाचे काम आहे. बिडाच्या भागात, भोक आरपार किंवा भरपूर खोल असेल, तर कडक पंचाने एक्सट्रॅक्टर फोडून त्याचे तुकडे वेचण्याचा मार्ग आहे. त्याचे कण गोळीसारखे उडतात, म्हणून चष्म्याशिवाय पहिला ठोकाही मारू नये. ॲल्युमिनियममध्ये हा मार्ग टाळावा, कारण ठोक्याने भोकाची भिंत फुटू शकते. एक्सट्रॅक्टरवर वेल्ड चढवायचे असेल तर ३१२ जातीचा स्टेनलेस रॉड साध्या रॉडपेक्षा चांगला धरतो.

या सर्वांपेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे स्पार्क मशीन. त्यात तांब्याचा इलेक्ट्रोड आणि काम एकमेकांना टेकत नाहीत. डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज सहसा वाहू न देणाऱ्या, द्रवात त्यांच्यामधील बारीक फटीतून ठिणग्या पडत राहतात आणि प्रत्येक ठिणगी धातूचा एक सूक्ष्म कण वितळवून काढते. त्यामुळे धातू किती कडक आहे याने काही फरक पडत नाही, तो फक्त विजेचा वाहक असला म्हणजे झाले. आपल्याकडे याची सोय जवळ आहे हे अनेक गॅरेजवाल्यांच्या लक्षात येत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत गाड्यांचे सुटे भाग बनत असल्यामुळे डाय आणि मोल्ड करणारे टूलरूम तिथे मोठ्या संख्येने आहेत, आणि तुटलेला टॅप जाळून काढणे हे त्यांचे नेहमीचे काम आहे. हेड उतरवून, धुऊन, साफ करून न्यावे आणि मूळ आट्यांचे माप कागदावर लिहून द्यावे.

अंबडकडच्या एका भाजीपाल्याच्या पिकअपचे ॲल्युमिनियम हेड आमच्याकडे अशाच अवस्थेत आले होते. एम ८ चा एक्झॉस्ट स्टड समपातळीत तुटलेला होता, त्यात पाडलेले भोक एका बाजूला सरकले होते आणि त्या तिरक्या भोकात एक्सट्रॅक्टर तुटून बसला होता. भिंगाखाली पाहिले तेव्हा करड्या एक्सट्रॅक्टरच्या एका बाजूला बोल्टाची जाड चंद्रकोर होती, तर दुसऱ्या बाजूला बोल्ट संपून ॲल्युमिनियमचा पांढरा धातू उघडा पडला होता. अशा स्थितीत वेल्ड केले असते तर उघड्या बाजूची कड वितळली असती, आणि ठोकले असते तर भोकाची तीच कमकुवत बाजू फुटली असती, म्हणून हेड थेट वाळूजला पाठवले. तिथे टेबल सरकवून तुटलेल्या बोल्टाचा नव्हे, तर शेजारच्या दोन स्टडांवरून मोजलेला मूळ भोकाचा मध्य धरला गेला आणि आट्यांच्या मुळापेक्षा बारीक इलेक्ट्रोड खाली उतरवला गेला. एक्सट्रॅक्टर पूर्ण गेला आणि मागे उरलेली चंद्रकोर एका बाजूने सैल झाली होती. ती घासलेल्या सुईने आत ओढताच सुटली. वाकड्या ड्रिलने खाल्लेल्या बाजूचे आटे तेवढे गेले होते, तिथे हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवावी लागली.

वाळूजला जाणे शक्य नसेल आणि भाग ॲल्युमिनियमचा असेल, तर तुरटी हा एक संथ पण खरा उपाय आहे. तुरटीचे गरम, दाट द्रावण साध्या पोलादाला हळूहळू विरघळवते आणि ॲल्युमिनियमला फारसा धक्का लावत नाही. घड्याळजी पितळी प्लेटमधले तुटलेले पोलादी स्क्रू याच रीतीने काढत आले आहेत. हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीटा आणि गाइड लोखंडी असतात, म्हणून अख्खे हेड बुडवू नये, तर भोकाभोवती पुट्टीचे आळे करून त्यातच द्रावण घालावे आणि ते गरम ठेवावे. पोलादावरून बारीक बुडबुडे उठत राहिले की काम चालू आहे असे समजावे, काळा गाळ ब्रशने काढून द्रावण बदलत राहावे, आणि यासाठी काही तास ते काही दिवस लागतील हे धरूनच चालावे. हे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, त्यामुळे काम मोकळ्या हवेत आणि ज्योतीपासून दूर करावे. स्टेनलेसच्या बोल्टावर हा उपाय चालत नाही, आणि बिडाच्या भागावर तो करूच नये, कारण तिथे बोल्टाबरोबर भागही खाल्ला जाईल.

पुन्हा बसवताना

तुकडा निघाल्यावर भोकातील चुरा आणि तेल पूर्ण काढावे. बंद तळाच्या भोकात तेल राहिले आणि वरून बोल्ट कसला, तर दबलेल्या तेलाला जायला जागा नसते आणि बिडाचा ब्लॉकसुद्धा तडकू शकतो. आटे साफ करण्यासाठी शक्यतो चेसर (आटे न कापता फक्त साफ करणारे हत्यार) वापरावा, कारण कापणारा टॅप दर वेळी थोडा चांगला धातूही काढतो. हेलिकॉइल बसवायची असेल तर संचासोबत आलेलाच ड्रिल आणि टॅप घ्यावा, आणि ॲल्युमिनियममध्ये तिची लांबी बोल्टाच्या व्यासाच्या दीडपट तरी ठेवावी.

एक्झॉस्टच्या स्टडांना निकेलयुक्त अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावावे आणि ते लावल्यावर कसण्याचा टॉर्क थोडा कमी करावा, कारण घर्षण घटल्यामुळे त्याच टॉर्कला बोल्ट अधिक ताणला जातो. कंपनीने आकडा दिला नसेल, तर ८.८ ग्रेडच्या कोरड्या एम ८ बोल्टासाठी सुमारे २५ न्यूटन-मीटर आणि एम १० साठी सुमारे ५० न्यूटन-मीटर हे अंदाज मानले जातात. हे आकडे पोलादातील आट्यांचे आहेत, ॲल्युमिनियममध्ये त्याहून कमीच ठेवावेत. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी न घालता कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे घालावे. ट्रॅक्टर मालकाला हे सांगताना त्याच्याच इंजिनातून निघालेला, क्षारांनी पांढरा पडलेला बोल्ट त्याच्या हातात द्यावा.